फासा पडेल तो डाव

दिवाळी जवळ आली की आमच्या परंड्याच्या पोरांपुढे एक गमतीचा पेच उभा राहतो. इतर गावांतली पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि वर शिवाजी महाराजांना सिंहासनावर बसवतात. परंड्यात गच्चीवर चढले की खराच किल्ला समोर उभा! दुहेरी तटबंदी, भोवती खंदक, एकाला एक लागून बुरुज आणि आत आजही पडून असलेल्या तोफा. अहमदनगर १६०० साली पडल्यावर हाच किल्ला काही काळ निजामशाहीची राजधानी होता. आता असा किल्ला घराशेजारी असताना मातीत हात कशाला घालायचे?

तरीही आम्ही लहानपणी मातीचा किल्ला करीत होतोच. कारण सरळ होते. खऱ्या किल्ल्यात आमचे काही चालत नसे. मातीच्या किल्ल्यात आमचे राज्य होते. तिथे मावळ्यापेक्षा वाघ मोठा असे, पायथ्याशी मामांनी जत्रेतून आणलेली मोटार उभी असे, आणि इतिहासाच्या पुस्तकात जी लढाई आपण हरलेलो असू ती आमच्या अंगणात आम्ही दुपारच्या जेवणाच्या आत जिंकून मोकळे होत असू. पुढे वय वाढले, मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि मातीचा किल्ला विसरलो. गेल्या दिवाळीत तो अचानक आठवला, आणि त्याला कारण झाले आमचे चिरंजीव.

चिरंजीव पुण्याला शिकतात. त्यांचे शिक्षण पहिलीपासून इंग्रजीतून झाले. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा इंग्रजी शाळेत कसा, हा प्रश्न वाचकांनी मला विचारू नये. माझ्या सहकाऱ्यांचा तो विचारून झालेला आहे. परिणाम व्हायचा तो झाला. घरात मराठी कादंबऱ्यांची तीन कपाटे, आणि त्यांतल्या एकाही पुस्तकाला त्याचा हात लागलेला नाही. पुण्याला गेल्यापासून तर आमचा संवाद चार शब्दांवर आला होता : 'हो', 'नाही', 'जेवलो' आणि 'पैसे'. याबद्दल मी कधी बोललो नाही. परंतु मनात एक सल होता. ज्या भाषेवर मी पोट भरतो, ती माझ्याच घरात माझ्यापाशी संपणार, असे वाटत असे.

वसुबारसेला तो आला. फराळाची ताटली संपवून त्याने पिशवीतून एक थैली काढली आणि सतरंजीवर उपडी केली. आतून रंगीबेरंगी फासे निघाले. चार पैलूंचे, आठ पैलूंचे, एक तर चांगला वीस पैलूंचा. शकुनीमामालाही पाहून मोह पडावा असा!

"बाबा, रात्री सगळ्यांनी बसायचं. खेळ आहे."

"पट कुठाय?" मी विचारले.

"पट नसतो. गोष्ट असते."

हा खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. चारपाच माणसे बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो एका मुलखाचे वर्णन करतो : इथे डोंगर आहे, पलीकडे ओसाड शहर आहे, वेशीवर पहारा आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी ठग. सूत्रधार विचारतो, "आता तुम्ही काय करता?" जे मनाला येईल ते सांगायचे. सोपे असेल तर ते घडते. अवघड असेल तर सूत्रधार एक आकडा ठरवतो आणि वीस पैलूंचा फासा टाकायला लावतो. फाशावर पडलेल्या दानात पात्राच्या अंगचे कसब मिळवायचे; आकडा गाठला तर तट चढलात, नाही तर खंदकात पडलात. जिंकणे-हरणे असे काही नाही. गोष्ट पुढे जात राहते, कधी कधी वर्षानुवर्षे.

"म्हणजे लहान मुलांच्या परीकथाच की!" मी म्हणालो. वर्गात वापरायचा एक स्वर आम्हा प्राध्यापकांकडे असतो, तो नकळत लागला.

"परीकथा नाही बाबा. कादंबऱ्या आहेत त्यामागे," तो म्हणाला, आणि त्याने इतकी नावे घेतली की मीच गप्प झालो. पुढचे कित्येक दिवस मी चोरून या विषयाचे वाचन करीत होतो. त्यातून जे कळले ते खरोखरच मनोरंजक आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो १९७४ साली काढला. गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत होता; ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून तो संसार चालवीत असे. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती. त्यांच्या पेट्या हातांनीच भरलेल्या. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाची चिमुकली सैन्ये मांडून जुन्या लढाया खेळत. म्हणजे आमच्या मातीच्या किल्ल्याचाच तो थोरला भाऊ. फरक इतकाच की एके दिवशी त्यांनी त्या सैन्यांमध्ये कादंबऱ्यांतले मांत्रिक आणि राक्षस सोडले, आणि सेनापतीऐवजी एकेकाने एकेका शिपायाचेच सोंग घेतले.

कोणत्या कादंबऱ्या, हेही गायगॅक्सने लपवले नाही. १९७९ साली सूत्रधारासाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या शेवटी त्याने आपल्या आवडत्या लेखकांची यादीच छापली. तीत जॅक व्हान्स आहे. त्याच्या १९५० सालच्या पुस्तकातले मांत्रिक मोठ्या कष्टाने मंत्र पाठ करतात, आणि एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. हा नियम खेळात जसाच्या तसा आला. (परीक्षेनंतर आमच्या विद्यार्थ्यांचेही असेच होते; पण त्यावर कोणी खेळ काढलेला नाही.) त्या यादीत टोल्किनही आहे. त्याची बुटकी माणसे खेळात इतकी उघडउघड शिरली की हक्कदारांनी हरकत घेतली, आणि पुढच्या छपाईत 'हॉबिट'चे 'हाफलिंग' करावे लागले.

हा टोल्किन ऑक्सफर्डला भाषेचा प्राध्यापक. उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासत असताना एका विद्यार्थ्याने पान कोरे सोडलेले त्याला दिसले, आणि त्या पानावर त्याने एक वाक्य लिहिले. त्या वाक्यातून १९३७ साली 'द हॉबिट' हे पुस्तक झाले, आणि त्याच्यामागून १९५४-५५ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड. हे वाचून मला वाईट वाटले. वीस वर्षे मी पेपर तपासतो आहे. कोरी पाने मलाही पुष्कळ मिळाली. मी त्यांच्यावर नुसती शून्ये देत गेलो!

पण खरी मौज पुढे आहे. कादंबऱ्यांतून खेळ निघाला, तसा दहा वर्षांच्या आत खेळांतून कादंबऱ्या निघू लागल्या. रेमंड फाइस्ट हा कॅलिफोर्नियात शिकत असताना मित्रांबरोबर खेळत असे. त्या मित्रमंडळींनी खेळासाठी रचलेल्या मुलखातच १९८२ साली त्याची 'मॅजिशियन' ही कादंबरी घडली. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी १९८४ साली 'ड्रॅगनलान्स' मालिकेची पहिली कादंबरी लिहिली. तिचा मुलूख आणि तिच्यातले प्रसंग खेळासाठीच आखलेले होते. कॅनडातला एड ग्रीनवुड तर शाळकरी वयात, १९६०च्या दशकात, स्वतःच्या गोष्टींसाठी एक मुलूख मनाशी रचीत बसला होता. पुढे तो ग्रंथालयात काम करू लागला, त्या मुलखात मित्रांना खेळवू लागला, आणि १९८७ साली 'फर्गॉटन रेल्म्स' या नावाने तो मुलूख छापून निघाला. त्यावर आज अनेक लेखकांच्या मिळून कपाटभर कादंबऱ्या आहेत. म्हणजे एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंती उभारल्या, तिसरा राहायला आला आणि चौथ्याने मजला चढवला. कादंबरी म्हणजे एका माणसाने एकट्याने बसून करायची गोष्ट, असे मी आजवर शिकवीत आलो होतो.

आणखीही एक गोष्ट मी शिकवीत आलो होतो, आणि ती आता मला बोचू लागली. आमच्या अभ्यासक्रमात मराठी कादंबरीचा इतिहास असतो. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवांच्या दुःखाचे, वास्तवातले. त्यानंतर लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली, आणि मराठी वाचक राजपुत्र, भुयारे आणि चमत्कार यांच्यामागे धावला. रिसबुडांनी तर प्रस्तावनेतच कबुली दिली की आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. मग हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरी पुन्हा जमिनीवर आली. हा भाग शिकवताना मी दरवर्षी म्हणतो, "अद्भुतरम्य कादंबरी हे मराठी कादंबरीचे बालपण होय." विद्यार्थी लिहून घेतात. परीक्षेत तेच लिहितात. मी गुण देतो.

परंतु खरे सांगायचे तर याच अद्भुताने मला वाचायला लावले होते. आठवीत असताना मी वाचनालयातून नाथमाधवांची 'वीरधवल' आणली. १९१३ सालची ती कादंबरी. पुस्तकाची पाने सुटलेली. चिमणीच्या उजेडात मी ती दोन रात्रीत संपवली आणि तिसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून धरली. पुढे कळले की हे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. पाय गेल्यावर त्यांनी लेखणी धरली. अंथरुणाला खिळलेला माणूस घोडदौडी आणि तट-बुरुज लिहीत होता, आणि परंड्यातला एक पोरगा त्याच्यामागे धावत होता. हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. बालपणाची लाज प्रौढ माणसाला फार असते.

असो. धनत्रयोदशीच्या दुपारी चिरंजीव वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बाबा, पुण्यात आम्ही इंग्रजीतच खेळतो. इथे आई आहे, शेजारचा मित्र आहे. मराठीत सांगावं लागेल. जरा शब्द सांगाल?"

मी चष्मा पुसला. "विचार."

"भिंतीच्या भोवती पाणी असतं ते?"

"खंदक."

"मोठ्या दरवाजातलं छोटं दार?"

"दिंडी."

"भिंतीत बारीक भोकं असतात, बंदुकीसाठी?"

"जंग्या."

"दरवाजाच्या आत पहारेकरी बसतात ती जागा?"

"देवडी. आणि धान्याचं कोठार म्हणजे अंबारखाना."

ज्या किल्ल्याच्या सावलीत तो लहानाचा मोठा झाला, त्याच्या एकेका अवयवाचे नाव तो अठराव्या वर्षी मला विचारीत होता, आणि देवनागरीत लिहून घेत होता. त्याच्या 'खंदका'तला 'ख' फुटून 'रव' झाला होता. लाल पेन खिशातच होते. मी ते काढले नाही.

रात्री मंडळी जमली. चिरंजीव सूत्रधार. बार्शीहून आलेली माझी भाची धनुर्धर झाली. शेजारचा मुलगा ठग. तो भूमिकेत इतक्या सहज शिरला की मला त्याच्या वडिलांची काळजी वाटली. सौभाग्यवती आधी "मला चकल्या तळायच्या आहेत" म्हणत होती. मग गावोगाव फिरणारी कासारीण झाली. मी लेखनिक झालो. परंडे तालुक्यातल्या डोमगावला समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. 'दासबोध' ज्यांच्या हातून उतरला ते हे कल्याणस्वामी. तेव्हा लेखनिकाला आमच्याकडे मान आहे. नियमाप्रमाणे माझ्या पात्राचे अंगबळ वीसपैकी आठ ठरले. सौ. म्हणाली, "जास्तच धरलंय."

मग चिरंजीवांनी मुलूख उलगडला, आणि माझ्या लक्षात आले की तो परंडाच आहे. वाचकांपैकी जे विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपूरला, जाऊन आले असतील त्यांनी तिथली 'मुलूखमैदान' तोफ पाहिली असेल. १५४९ साली अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दाढेत सापडलेला हत्ती. ही तोफ पूर्वी आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली; ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असे सांगतात. चिरंजीवांच्या गोष्टीत ती तोफ नव्हतीच. तो एक झोपी गेलेला धातूचा सिंह होता, गावाच्या पाण्याची राखण करणारा. त्याला दक्षिणेकडे ओढून नेले, त्या दिवसापासून गावाच्या विहिरी वर्षावर्षाला एकेक हात खाली जाऊ लागल्या. तो सिंह परत आणायचा, ही आमची मोहीम.

विहिरींचे ऐकताच हसणारी मंडळी गप्प झाली. परंड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला हा चमत्कार फारसा चमत्कारिक वाटत नाही.

तीन रात्री आम्ही चाललो. भीमा ओलांडली. ठगाने "सर, तुम्ही फकस्त कंदील धरा" म्हणत दोन कुलपे उघडली. माझ्या लेखनिकाने एका देवडीवर खोटा परवाना लिहून सगळ्यांना आत नेले. फासा अठरा पडला तेव्हा मी सतरंजीवरून ताडकन उठलो, ते पाहून भाचीने तोंडावर ओढणी धरली. पाडव्याच्या रात्री आम्ही त्या बुरुजावर पोचलो. सिंह जागा झाला. सूत्रधाराने आवाज बदलला : "मी येईन. पण चारशे वर्षे या शहरानेही माझ्याच भरवशावर विहिरी खणल्या आहेत. मी उठलो की त्या आटतील. सांगा, काय करू?"

आमच्यात भांडण जुंपले. ठग म्हणाला, "आपला हाय, आपून न्यायचा." भाची म्हणाली, "मामा, त्यांची लेकरं काय पाणी पिणार?" मी लेखनिकाच्या थाटात दोन्ही बाजूंची टिपणे काढू लागलो; म्हणजे नेहमीप्रमाणे काहीच ठरवीना. तेव्हा सौ. पुढे सरकली आणि सिंहाला म्हणाली, "अरे, तुला कुठं राहायचंय ते कुणी विचारलं का कधी?"

सूत्रधार क्षणभर स्तब्ध झाला. हे त्याच्या वहीत नव्हते. मग तो हळूच म्हणाला, "आई, फासा टाक. पंधराच्या वर पडला तर तो मनातलं सांगेल."

फासा दिव्याच्या उजेडात गरगरला. पडले दोन.

सिंहाने डोळे मिटून घेतले. आम्ही हात हलवीत परतलो. १६३४ साली शाहजादा शुजाच्या मोगली फौजेने आमच्या किल्ल्याला वेढा दिला होता आणि ती रिकाम्या हाताने परत गेली होती. आता तसे परतण्याची पाळी परंडेकरांची होती. कोणत्याही कादंबरीकाराने हा शेवट केला नसता. मी तरी करू दिला नसता. सौ. चकलीचे पीठ मळता मळता दुसऱ्या दिवशीही म्हणत होती, "काय सांगणार होता गं तो?" आणि भाची निघताना डोळे पुसत होती.

मी विचार करीत राहिलो. कादंबरी वाचताना आपण दुसऱ्याच्या निर्णयावर हळहळतो. इथे निर्णय आमचा होता आणि यश मात्र हाती नव्हते. गावाच्या पाण्यासाठी परक्या गावाचे पाणी तोडावे की नाही, हा प्रश्न मी वृत्तपत्रात कितीदा वाचला असेन. त्यावर मला रात्रभर झोप लागली नाही असे मात्र कधी झाले नव्हते. रिसबुडांना वाटले होते की रोजच्या आयुष्यात रस नाही म्हणून अद्भुताकडे जावे लागते. आमचे उलटे झाले. अद्भुताकडून आम्ही थेट आमच्या विहिरीवर येऊन पोचलो.

पुण्याला जाताना चिरंजीव म्हणाले, "तुम्ही लेखनिक आहात ना? मग झालेलं सगळं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू." मी लिहिले. चाळीस पाने झाली. त्यांची छायाचित्रे त्याला पाठवली. आठवड्याने फोन आला. "बाबा, सगळं वाचलं. पान बारावर 'चौथरा' लिहिलंय, म्हणजे ओटाच ना?" मराठीतली सलग चाळीस पाने त्याने आपणहून वाचण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर वर्षभर अधूनमधून असे फोन येत राहिले. पैशांचे फोन कमी झाले असे मात्र कोणी समजू नये.

जुलैमध्ये वर्गात 'मुक्तामाला' आली. मी सवयीने ते जुने वाक्य म्हणायला लागलो, "अद्भुतरम्य कादंबरी हे मराठी कादंबरीचे..." आणि थांबलो. मुले पेने सरसावून बसली होती. मी म्हणालो, "हे लिहून घेऊ नका. आधी मला सांगा, लहानपणी दिवाळीत किल्ला कोणी कोणी केला आहे?" जवळजवळ सगळे हात वर झाले. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

यंदा वसुबारसेला चिरंजीव पुन्हा येत आहेत. भाची बार्शीहून निघते आहे, आणि सौभाग्यवतीने चकल्या चार दिवस आधीच उरकायचे ठरवले आहे. सिंह बुरुजावर डोळे मिटून पडलेला आहे. मी नवी वही आणून ठेवली आहे.